पांढुर्ण्याची नऊ प्रश्नचिन्हे

पांढुर्णा आणि सौंसर आज एकाच जिल्ह्यात आहेत, पण शंभरएक वर्षे या दोन गावांच्या रुळांचे माप जुळत नव्हते. पांढुर्णा नागपूर-इटारसीच्या मोठ्या लाइनवर. तिथे दोन रुळांतले अंतर साडेपाच फूट. सौंसर नागपूर-छिंदवाड्याच्या छोट्या लाइनवर. तिथे अडीच फूट. छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर चढत नाही. त्यामुळे सौंसरकडचा माल पुढे लांब जायचा तर तो नागपुरात उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. वेळ, हमाली आणि थोडीफार फूटतूट हे सगळे धरूनच चालायचे. २०१५ च्या अखेरीस छोटी लाइन बंद झाली आणि पुढे त्याच मार्गावर रुंद रूळ आले.

संगणकाच्या पोटात देवनागरी अक्षरांची अशीच चढउतार वीसेक वर्षे चालली होती, आणि काही ठिकाणी अजून चालू आहे. ही चढउतार होते ती जागा सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. एखादी छोटी स्क्रिप्ट, एक्सेलमधला मॅक्रो म्हणा किंवा पायथनमधल्या दहा ओळी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीतले एखादे फंक्शन थेट बोलावते; त्या क्षणी मजकूर एका डब्यातून दुसऱ्यात जातो. माल सुखरूप पोचला तर पडद्यावर गावाचे नाव दिसते. नाही पोचला तर प्रश्नचिन्हे.

या भागाचा भाषेचा हिशेब आधीच सरळ नाही. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर होती आणि त्या प्रांतात हिंदी-मराठी शेजारी शेजारी नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला, आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याची मराठी बोलणारी गावेही. तेव्हापासून घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, पण कचेरीची भाषा तीच राहिली.

टायपिंग शिकणाऱ्या पोराला ही सीमा बोटांत जाणवते. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी २०१६ पासून सीपीसीटी ही संगणक प्रवीणतेची परीक्षा आहे. तिच्यात हिंदी टायपिंग रेमिंग्टन किंवा इनस्क्रिप्ट कीबोर्डवर करावे लागते. वरूड-नरखेडकडे गेले की महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा आणि मराठीचा तिशी-चाळिशीचा वेग. लिपी एकच, पण परीक्षा दोन आणि प्रमाणपत्रेही दोन. मात्र दोन्हीकडच्या संगणकांत बहुधा विंडोजच असते आणि त्यात यूझर-३२ नावाची तीच डीएलएल फाइल.

खिडक्या उघडणे, माऊस ओळखणे, 'ओके-कॅन्सल'ची चौकट दाखवणे अशी शेकडो तयार फंक्शन्स या फाइलीत आहेत. त्यांतले एक आहे लोडकीबोर्डलेआउट. त्याला आठ खुणांचा एक छोटा मजकूर द्यावा लागतो. पहिली पाच शून्ये आणि शेवटी चार-तीन-नऊ दिले की हिंदी कीबोर्ड हजर. शेवटी चार-चार-ई दिले की मराठी. सोळाच्या मानाने लिहिलेले हे आकडे आपल्या नेहमीच्या दशमानात मांडले तर हिंदी १०८१ आणि मराठी ११०२. म्हणजे सौंसरहून सीमेपलीकडच्या सावनेरला जायला गाडी लागते, स्क्रिप्टला एकवीसचा फरक पुरतो.

अट एकच. स्क्रिप्टला त्या फंक्शनच्या दारापर्यंत जाता आले पाहिजे, आणि ते वाटते तितके सोपे नाही. स्क्रिप्ट भाषा स्वतःच्या जगात राहते. तिच्यात संख्या म्हणजे संख्या, मजकूर म्हणजे मजकूर. किती बाइट लागले याची चौकशी लिहिणारा करत नाही. लायब्ररीतले फंक्शन बहुधा सी भाषेत लिहून यंत्रभाषेत उतरवलेले असते. त्याला कोणती किंमत प्रोसेसरच्या कोणत्या खणात, म्हणजे रजिस्टरमध्ये, हवी, कोणती मेमरीतल्या स्टॅकवर, ती चार बाइटची की आठ, मजकूर कुठे संपतो, हे सगळे ठरलेले असते. चुकीचे दिले तर ते तक्रार करत नाही. जे मिळाले ते खरे मानून पुढे जाते, आणि मग प्रोग्राम आडवा होतो.

हा उद्योग स्क्रिप्ट भाषांइतकाच जुना. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यावरच्या बेसिकमध्ये 'ए' नावाच्या पूर्णांकात ६५ ठेवायचे आणि 'कॉल ६५५१८' लिहायचे, की पडद्यावर इंग्रजी पहिले अक्षर उमटे. ६५५१८ हा ऑपरेटिंग सिस्टिममधल्या, एक अक्षर छापणाऱ्या तुकड्याचा पत्ता. नाव नाही, यादी नाही, नुसता पत्ता. बेसिक त्या पूर्णांकातला एक बाइट उचलून प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेवी आणि उडी मारी. एका बाइटमध्ये ० ते २५५ इतक्याच खुणा मावतात. त्यांत देवनागरीला जागा कुणी राखलेली नव्हती.

१९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर आलेल्या डॉसने पत्त्याऐवजी क्रमांक दिला. तेहतीस क्रमांकाचा इंटरप्ट मारला की डॉस हजर होई, आणि कोणते काम हवे ते रजिस्टरमधल्या आकड्यावरून ओळखी. नववे काम मजकूर छापण्याचे होते आणि मजकूर जिथे डॉलरची खूण दिसेल तिथे संपतो असा त्याचा दंडक होता. डॉसआधीच्या सीपी-एम या सिस्टिमचा हा वारसा. त्यामुळे या कामाने अमेरिकन माणसाला स्वतःच्या चलनाची खूणच छापता येत नसे. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी सोयीसाठी घेतलेले निर्णय या धंद्यात असे दारातच उभे असतात.

देवनागरीची पहिली सोय या दारातून झाली नाही. ती दाराखालून झाली. आयआयटी कानपूरमध्ये प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा यांच्या प्रकल्पातून तयार झालेला देवनागरी संगणक १९८३ च्या दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात लोकांसमोर आला. त्याच कामातून मोहन तांबे यांचे 'जिस्ट' उभे राहिले, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथे आले. जिस्टचे कार्ड पीसीच्या खाचेत बसवायचे. डीबेस, लोटस किंवा वर्डस्टार यांना आपण भारतीय भाषेत काम करतोय याची कल्पनाही नसे. ते बाइट देत, कार्ड अक्षरे काढी. त्यामागचा 'इस्की' संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. इंग्रजीच्या १२८ खुणांना हात न लावता वरच्या १२८ घरांत त्याने भारतीय लिप्या बसवल्या. 'पांढुर्णा' इस्कीत नऊ बाइट: प, काना, अनुस्वार, ढ, उकार, र, हलंत, ण, काना. डॉसच्या कोणत्याही फंक्शनला हे नऊ बाइट दिले तर ते जसेच्या तसे पलीकडे जात. पुढच्या दहा वर्षांत जे झाले ते पाहता जिस्टची ही व्यवस्था सरसच म्हणायला हवी. कार्डाची किंमत मात्र टायपिंगच्या लहान दुकानाला झेपणारी नव्हती.

मग विंडोज आले. मे १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक बाजारात आणले आणि त्यात 'डिक्लेअर' नावाची एक ओळ होती. फंक्शनचे नाव, ते कोणत्या डीएलएलमध्ये आहे, त्याला काय काय द्यायचे आणि परत काय मिळणार एवढे त्या एका ओळीत लिहायचे. पुढे ते फंक्शन बेसिकचेच असल्यासारखे वापरायचे. सी न शिकलेल्या लाखो लोकांना विंडोजचे सगळे कोठार उघडे झाले. १९९३ मध्ये डॅन ॲपलमन यांनी व्हिज्युअल बेसिकवाल्यांसाठी विंडोजच्या या फंक्शन्सवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तो या धंद्याचा धर्मग्रंथच ठरला.

त्याच वर्षी, जुलै १९९३ मध्ये, विंडोज एनटी आले आणि पाठोपाठ लाइनीची दोन मापेही. एनटीच्या आत सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकाच सामाईक यादीत, दर खुणेला सोळा बिट. जुने प्रोग्राम मात्र आठ बिटवाले. म्हणून मजकूर घेणाऱ्या फंक्शन्सच्या जोड्या केल्या: मेसेजबॉक्स-ए आणि मेसेजबॉक्स-डब्ल्यू. 'ए' म्हणजे छोटी लाइन, 'डब्ल्यू' म्हणजे मोठी. १९९५ चे विंडोज ९५ आणि त्यानंतरचे ९८ हे दुकानादुकानांत गेले, पण त्यांच्यात बहुतेक 'डब्ल्यू' फंक्शन्स नावापुरतीच होती. साहजिकच पुस्तकांतली सगळी उदाहरणे 'ए'ची.

व्हिज्युअल बेसिकने १९९५ च्या चौथ्या आवृत्तीपासून स्वतःच्या पोटात मजकूर सोळा बिटी केला. पण 'डिक्लेअर'च्या दारात मजकूर आला की तो आपणहून आठ बिटांत उतरवायचा, ही सवय ठेवली. उतरवायचा म्हणजे त्या संगणकाच्या 'आन्सी' कोडपेजमध्ये, आठ बिटी खुणांच्या तक्त्यात. रशियनला १२५१ क्रमांकाचे कोडपेज होते, ग्रीकला १२५३, अरबीला १२५६, थाईला ८७४. हिंदी-मराठीला एकही नाही. विंडोजलाच विचारण्याचे फंक्शन आहे: या भाषेचे आन्सी कोडपेज कोणते? मराठीसाठी उत्तर येते शून्य. यात कुणाचा आकस नव्हता. मायक्रोसॉफ्ट भारतीय भाषांकडे वळले तोवर युनिकोड आलेले होते, आता नवे आठ बिटी कोडपेज कशाला काढा, असा तो सरळ विचार. तो चूकही नव्हता. फक्त मधल्या सगळ्या प्रोग्रामवाल्यांनी आपले मजकूर अजून 'ए'च्याच दारातून नेले.

परिणाम असा की पश्चिमी कोडपेज असलेल्या संगणकावर 'पांढुर्णा' हा शब्द बेसिकच्या आत शाबूत असतो, 'डिक्लेअर'च्या दारात त्याच्या प्रत्येक खुणेला जोडीदार शोधला जातो, सापडत नाही, आणि तिथे प्रश्नचिन्ह बसते. नऊ खुणा, नऊ प्रश्नचिन्हे. 'सौंसर'ची पाच. विशेष म्हणजे डोळ्यांना 'पांढुर्णा'त तीनच अक्षरे दिसतात, पां, ढु आणि र्णा. तीन अक्षरांच्या जागी नऊ प्रश्नचिन्हे पाहून माणूस व्हायरस शिरला असे समजला तर नवल नाही.

हा प्रकार जुना झाला असे कुणी समजू नये. एक्सेलमधली व्हीबीए भाषा याच घराण्यातली, आणि तिची सवय आजही तीच आहे. साध्या पश्चिमी सेटिंगच्या संगणकावर तिच्या संपादकात देवनागरी चिकटवली तरी प्रश्नचिन्हे होतात. त्यामुळे गावाचे नाव हवे असेल तर ते आकड्यांनी जोडावे लागते: २३४६, २३६६, २३०६, २३३८, २३६९, २३५२, २३८१, २३३९, २३६६. मग हा मजकूर 'मजकूर' म्हणून न पाठवता त्याचा मेमरीतला पत्ता एक संख्या म्हणून मेसेजबॉक्स-डब्ल्यूला द्यायचा. संख्येला उतरवून घेण्याचा प्रश्न येत नाही, दार तिला अडवत नाही आणि पलीकडे पांढुर्णा दिसते. थोडक्यात, माल डब्यात न घालता पत्त्याची चिठ्ठी पाठवायची. ही युक्ती जुन्या बेसिकवाल्यांनी एकमेकांना शिकवली. अधिकृत पुस्तकांत तिला मानाची जागा कधी मिळाली नाही.

दुकानांनी मात्र या भानगडीत न पडता वेगळीच वाट काढली होती, आणि तिचे नाव कृतिदेव. मध्य प्रदेशात कृतिदेव ०१०, महाराष्ट्रात त्याची भावंडे, शिवाय आकृती आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. या जुन्या फॉन्टांचे तत्त्व एकच: संगणकाला इंग्रजीच वाटू द्या, फक्त इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रे बसवा. कृतिदेवात 'डी'च्या घरात क आहे आणि 'के'च्या घरात काना. आठ बिटी दारातून हा मजकूर आरामात जातो, कारण तो खरोखर इंग्रजीच असतो. सोबत फॉन्ट मात्र असायला हवा. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला की अर्जदाराच्या नावाऐवजी 'आय-के-ए' असली गिचमीड. 'फॉन्ट उडाला' हे शब्द टायपिंगच्या दुकानात ऐकलेले नसतील असा माणूस विरळा.

कृतिदेवात 'पांढुर्णा' लिहायला नऊच कळा लागतात, पण या नऊ वेगळ्या. ढु-पर्यंत गाडी बरोबर चालते. पुढे ण हा एक ऐवज नाही. अर्धा ण आणि त्याला जोडलेला दांडा अशा दोन कळा. मग काना. आणि रफार सगळ्यात शेवटी, कारण टाइपरायटरवर तो वरून मारायचा असे. युनिकोडमध्ये उच्चारात र आधी येतो म्हणून लिहितानाही आधी. 'सौंसर'मध्ये सौ-चा दोन मात्रांचा काना कृतिदेवात दोन कळांचा, युनिकोडमध्ये एकच खूण. म्हणजे तिथे सहा आणि इथे पाच. कृतिदेवातून युनिकोडमध्ये नेणारी कोणतीही स्क्रिप्ट हे सगळे जाणते, निदान जाणायला हवी. नुसते एकास एक बदलून चालत नाही. रफार उचलून मागे न्यावा लागतो, पहिली वेलांटी उचलून पुढे. मागे किती न्यायचा, एक अक्षर की जोडाक्षरासकट, यावर कच्च्या स्क्रिप्ट अजून अडखळतात. युनिकोड-कृतिदेव बदलून देणाऱ्या साधनात आधी आपल्याच गावाचे नाव घालून पाहावे. पांढुर्णावाल्यांना ही परीक्षा फुकट मिळालेली आहे.

विंडोज स्वतः देवनागरी शिकले ते फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० पासून. त्यात आर. के. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट होता आणि 'युनिस्क्राइब' ही नवी लायब्ररी. खुणांची रांग हातात घेऊन त्यातून अक्षरांची चित्रे जुळवणे, रफार डोक्यावर चढवणे, वेलांटी मागे आणणे, हे काम तिचे. टाइपरायटरवर जे बोटे करत होती ते आता लायब्ररी करू लागली. लगेच २००१ चे एक्सपी आले आणि तिथे गंमत झाली: या सोयीच्या फाइली सीडीवर होत्या, पण आपोआप बसत नसत. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीत खूण करायची, मग संगणक सीडी मागे. मूळ सीडी कुणाकडे असे? ज्याच्याकडे ती होती तो गावचा संगणकतज्ज्ञ. २००७ च्या व्हिस्टापासून ही कटकट संपली. त्याच व्हिस्टात युनिस्क्राइबला नवी फंक्शन्स मिळाली. त्यांना मजकुराची भाषाही सांगता येते, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचा ल आणि श निवडला जातो. बोलावणाऱ्याने भाषा सांगितलीच नाही तर फॉन्टवाल्याने जे मूळ धरले असेल ते दिसते, आणि ते बहुतेकदा हिंदी वळण.

इकडे स्क्रिप्ट भाषांच्या दुनियेत 'डिक्लेअर'सारखे सुख बेसिकबाहेर बरीच वर्षे नव्हते. पर्ल किंवा पायथनमधून लायब्ररीतले फंक्शन हवे असेल तर मध्ये सी भाषेत एक जोडतुकडा लिहून तो कंपाइल करावा लागे. हे तुकडे आपोआप लिहिणारे 'स्विग' हे साधन डेव्हिड बीझली यांनी १९९५ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत सुरू केले. त्याहून मूलगामी काम १९९६ मध्ये सिग्नस कंपनीत अँथनी ग्रीन यांनी केले. त्यांची 'लिबएफएफआय' ही छोटी लायब्ररी एवढेच करते: कोणते फंक्शन, किती किमती, कोणत्या मापाच्या, हे प्रोग्राम चालू असताना तिला सांगा, त्या प्रोसेसरच्या रिवाजाप्रमाणे ती किमती रजिस्टरांत आणि स्टॅकवर मांडते, उडी मारते आणि उत्तर घेऊन येते. आज जिथे जिथे स्क्रिप्टमधून थेट लायब्ररी बोलावली जाते तिथे बहुधा हीच मुकाट्याने राबत असते. थॉमस हेलर यांचे 'सीटाइप्स' तिच्यावरच उभे आहे. सप्टेंबर २००६ च्या पायथन २.५ मध्ये ते भाषेसोबतच मिळू लागले. पीएचपीला ही सोय मिळायला नोव्हेंबर २०१९ उजाडले.

सीटाइप्समध्ये मेसेजबॉक्स-डब्ल्यूला चार गोष्टी द्यायच्या: मालक खिडकी नाही म्हणून शून्य, मजकूर, शीर्षक, आणि साधी चौकट म्हणून पुन्हा शून्य. पायथन ३ मध्ये मजकुराच्या जागी 'पांढुर्णा' आणि शीर्षकाच्या जागी 'सौंसर' लिहिले की ते जसेच्या तसे दिसतात. डिसेंबर २००८ पासून त्या भाषेत साधा मजकूर म्हणजेच युनिकोड. पायथन २ वाल्यांचे हाल होते. तिथे साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ. ती 'डब्ल्यू'ला दिली की भलत्याच लिपीतली अनोळखी अक्षरे दिसत. 'ए'ला दिली की डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या 'ए'ची आणि चलनाच्या गोल खुणेची रांग लागे, मधूनच येनची खूण. युनिकोड बाइटांत मांडण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची आणि पहिला बाइट कायम तोच, म्हणून ती रांग. सराईत माणूस ती पाहूनच सांगतो, की मजकूर ठीक आहे, दार चुकले आहे.

६४ बिटी संगणक आले तेव्हा या साऱ्या जोडण्या पुन्हा खिळखिळ्या झाल्या. मेमरीचा पत्ता चार बाइटचा आठ बाइट झाला. सीटाइप्सला काही सांगितले नाही तर फंक्शनचे उत्तर ते चार बाइटचे धरते. उत्तर जर पत्ता असेल तर अर्धा कापला जातो आणि पुढे कधीतरी प्रोग्राम कोसळतो, बहुधा भलत्याच ओळीवर. ऑफिस २०१० ची ६४ बिटी आवृत्ती आली तशी व्हीबीएने प्रत्येक 'डिक्लेअर'पुढे 'पीटीआरसेफ' हा शब्द सक्तीचा केला. हा शब्द म्हणजे लिहिणाऱ्याची फक्त ग्वाही, की मी मापे तपासली आहेत. तपासणी कुणी करत नाही. पुष्कळ कचेऱ्यांतल्या जुन्या एक्सेल फाइलींत हा शब्द आंधळेपणाने चिकटवलेला असतो, पत्त्यांची मापे तशीच जुनी, आणि त्या नशिबाने चालतात.

लिनक्सने दोन मापांची ही भानगड ओढवून घेतली नाही. तिथले कर्नल मजकूर पाहतच नाही, बाइट पाहते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये आखलेले यूटीएफ-८ त्याच दारांतून सुरळीत जाते. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. नेहमीच्या ईएक्सटी-४ फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. 'पांढुर्णा' तिथे २७ बाइट. म्हणजे देवनागरीत ८५ खुणांवर नाव संपते, इंग्रजीत २५५ वर. 'पांढुर्णा तहसील सौंसर रोड संत्रा बाग सातबारा' असल्या ऐसपैस नावांच्या फाइली विंडोजवरून लिनक्सवर उचलून नेणारी स्क्रिप्ट एखाद्या लांबलचक नावावर अडते ती इथे.

मायक्रोसॉफ्टने अखेर मे २०१९ च्या विंडोज १० पासून 'ए'चे दारही यूटीएफ-८ साठी उघडता येईल अशी सोय केली. पण ती प्रोग्रामने मागावी लागते, आणि तोवर बहुतेकांनी 'डब्ल्यू' अंगवळणी पाडून घेतले होते.

राहता राहिला तो ११०२ हा आकडा. त्याचा अर्थ 'मराठी, भारत'. १०८१ म्हणजे 'हिंदी, भारत'. विंडोज असो की लिनक्स, या यादीत भाषा असते, देश असतो, राज्य नसते. १९५६ ची रेघ तिथे ओढलेलीच नाही. सौंसरच्या मराठीला आणि साताऱ्याच्या मराठीला एकच क्रमांक. व्हिस्टापासून तारीख लिहून देणारे एक फंक्शन विंडोजमध्ये आहे. त्याला 'एमआर-आयएन' दिले की ते 'जानेवारी' लिहिते, 'एचआय-आयएन' दिले की 'जनवरी'. कचेरीच्या अर्जासाठी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने यांतले एक स्वतः निवडायचे. आणि निवडायचे नसेल तर वापरणाऱ्याची भाषा विचारून घेण्याचेही फंक्शन आहेच. पांढुर्ण्याच्या एखाद्या कियॉस्कवर ते बोलावले आणि विंडोज बसवताना कुणी सेटिंगला हात लावलेला नसेल, तर ते हिंदी म्हणत नाही, मराठीही म्हणत नाही. ते इंग्रजी म्हणते.